तपासणी फुकट, म्हणून ईसीएम महाग



या वेळच्या व्हिडिओत आपण पिकअपचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कसा तपासायचा आणि कसा बदलायचा ते पाहिलं. मीटर कुठे लावायचा, कोणत्या पिनवर किती रीडिंग यायला पाहिजे, ते सगळं त्यात आहे. इथे मी त्यामागचं माझं मत मांडणार आहे. काही गॅरेजवाल्या मित्रांना ते टोचेल. तरी गॅरेज चालवणाऱ्यांनी आणि पिकअपवर ज्यांचं घर चालतं त्यांनी, दोघांनीही एकदा शेवटपर्यंत वाचा.

मत असं आहे. चांगला चालणारा ईसीएम काढून नवा बसवला जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. लोक म्हणतात, मेकॅनिकला ज्ञान कमी. मला ते पटत नाही. आपली पोरं हुशार आहेत, हात चांगला आहे. खरी गडबड दुकानाच्या हिशोबात आहे. तपासणी आपण फुकट करतो. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्याला दीड तास कोण देणार? मग काय होतं, स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा आणि अंदाज सांगायचा. आणि अंदाज सांगणाऱ्याची कमाई पार्ट विकल्याशिवाय होत नाही.

म्हणून मी म्हणतो, तपासणीचे पैसे वेगळे घ्या, उघडपणे घ्या, आणि त्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा द्या. पुराव्याशिवाय ईसीएमचं कोटेशन लिहू नका.

एक पिकअप थांबली की काय काय थांबतं

आपल्या भागात पिकअप म्हणजे चैनीची गाडी नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून रात्री निघायचं आणि पहाटे वाशी मार्केटला लागायचं, असं ज्याचं रोजचं काम आहे, त्याच्यासाठी गाडी दोन दिवस उभी राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भाडं बुडतं, माल दुसऱ्याच्या गाडीत जातो आणि पुढच्या खेपेला व्यापारी त्या दुसऱ्यालाच फोन करतो. बँकेचा हप्ता मात्र त्याच तारखेला कापला जातो.

अशा माणसाला आपण सांगतो, "दादा, कॉम्प्युटर गेलाय." तो वाद घालू शकत नाही. टायर झिजला तर त्याला दिसतो, क्लच गेला तर पायाला कळतं. ईसीएम हा बंद डबा. आत काय आहे ते त्याला दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. म्हणूनच या पार्टच्या बाबतीत आपली जबाबदारी जास्त आहे. त्यात इलेक्ट्रिकल पार्ट एकदा विकला की परत घेतला जात नाही, हे बहुतेक काउंटरवर लिहिलेलंच असतं. अंदाज चुकला तर पैसे गेले ते गेले, आणि गाडी पुन्हा बंद पडतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार.

बिचाऱ्या ईसीएमवरच संशय का येतो?

ईसीएमचं काम तीन भागांत समजून घ्या. एक, सेन्सरकडून माहिती घेणं. क्रँक फिरतोय का, रेलमध्ये प्रेशर किती, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, पाणी किती गरम. दोन, त्या माहितीवर हिशोब करणं. तीन, हुकूम देणं. इंजेक्टर किती वेळ उघडायचा, कोणता रिले ओढायचा, ईजीआर किती उघडायचा.

आता यातला कुठलाही धागा तुटला, तरी बाहेरून दिसतं एकच: इंजिन नीट चालत नाही. अर्थ ढिला असेल तरी तेच, सेन्सर शॉर्ट असेल तरी तेच, उंदराने वायर कुरतडली असेल तरी तेच. आणि हे सगळं ज्याच्याकडे येऊन मिळतं तो ईसीएम. म्हणून बोट त्याच्याकडे जातं.

गाड्याही बदलल्या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस फोर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स. डिझेल पिकअपला डीपीएफ आला, एक्झॉस्टमध्ये जास्तीचे सेन्सर आले, वायरिंग वाढलं. जितक्या वायरी आणि जितके कपलर, तितक्या बिघडण्याच्या जागा. डबा एकच राहिला, त्याच्याभोवतीचं जाळं मोठं झालं. तरीही आपण आधी डब्यालाच धरतो, हे उलटं आहे.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. कोड म्हणजे निकाल नाही. स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरचा कोड आला याचा अर्थ एवढाच, की त्या सर्किटमधून आलेलं रीडिंग ईसीएमला पटलं नाही. सेन्सर खराब आहे, वायर तुटली आहे, की कपलरमध्ये पाणी गेलंय, हे कोड सांगत नाही. ते शोधायला माणूस लागतो. त्या माणसाच्या वेळेची किंमत लावायची का नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

पुरावा म्हणजे काय? हा क्रम लिहून भिंतीवर लावा

पहिलं, बॅटरी. पूर्ण चार्ज आणि आराम दिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू झाल्यावर चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फ बघा. कमी व्होल्टेजवर ईसीएम गोंधळतो, कधी रीसेट होतो आणि उगाच दहा कोड टाकतो. ते दहा कोड घेऊन दहा पार्ट बदलत बसू नका.

दुसरं, ईसीएमला येणारी पॉवर आणि अर्थ. इथे नुसता मीटर फसवतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून बॅटरी काढून ईसीएमचा कपलर सोडवा, बॅटरी पुन्हा जोडा, आणि पॉवर व अर्थच्या पिनवर २१ वॉटचा बल्ब लावा. बल्ब झगझगीत पेटला पाहिजे. पेटलेल्या बल्बवर व्होल्टेज ड्रॉप मोजा. पॉवरच्या बाजूला आणि अर्थच्या बाजूला तो प्रत्येकी ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर गंज, ढिला बोल्ट, जळका फ्यूज होल्डर किंवा मेन रिले शोधा. हा बल्ब फक्त पॉवर-अर्थच्या पिनला. सेन्सरच्या वायरला तो लावू नका. आणि इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरला तर हातसुद्धा लावू नका, तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

तिसरं, पाच व्होल्टची सप्लाय. बऱ्याच सेन्सरना ईसीएम स्वतः पाच व्होल्ट देतो. एका सर्किटवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात आणि एकदम तीन-चार सेन्सरचे कोड येतात. पी०६४१ किंवा पी०६४२ सारखा कोड आला तर हे आधी बघा. सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. कुठल्या कपलरला पाच व्होल्ट परत आले ते बघा, तो सेन्सर चोर. सगळे काढूनही परत आले नाहीत, तर ईसीएमच्या कपलरमधून ती वायर वेगळी करा. आता ईसीएमच्या पिनवर पाच व्होल्ट आले तर दोष वायरिंगचा. नाही आले, आणि पॉवर-अर्थ आधीच पास आहेत, तर मात्र ईसीएमवर संशय घ्यायला कारण मिळालं.

चौथं, बोलणं. स्कॅनर ईसीएमशी बोलत नसेल आणि यू०१०० येत असेल, तर लगेच डबा मेला म्हणू नका. स्कॅनरच्या सोळा पिनी कपलरमध्ये चार नंबरला अर्थ आणि सोळा नंबरला पॉवर आहे का बघा. कॅन लाइन तिथे असेल तर ती सहा आणि चौदा नंबरवर असते. बॅटरी काढून या दोन पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. साठ ओहमच्या आसपास आला तर लाइन ठीक. एकशे वीस आला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

पाचवं, हात आणि उष्णता. बंद पडणं कधीकधीच होत असेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवा, कपलर हलवा, ईसीएमच्या बॉडीवर हलकेच टकटक करा. गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर हेअर ड्रायरने ईसीएम गरम करून बघा. आतल्या सोल्डरला बारीक तडा असेल तर तो इथे बोलतो.

सहावं, ईसीएमचे स्वतःबद्दलचे कोड. पी०६०१, पी०६०४, पी०६०५, पी०६०६ हे आतल्या मेमरीचे किंवा प्रोसेसरचे कोड. हे आले म्हणजे संशय पक्का होतो, पण तरीही पहिल्या दोन पायऱ्या करा, कोड पुसा, गाडी चालवा आणि तोच कोड परत येतो का बघा.

या सहा पायऱ्यांना सरावलेल्या हाताला तास-दीड तास लागतो. कधी कधी फुटका अर्थ पहिल्या दहा मिनिटांतच सापडतो. पण दीड तास धरूनच हिशोब करा.

दोन गाड्या, दोन निकाल

आमच्या दुकानात एक बीएस फोर पिकअप आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी ईसीएमचं कोटेशन मिळालेलं, मालक हताश. खड्ड्यात गाडी आपटली की इंजिन बंद, पुन्हा चावी मारली की चालू. कोड तीन: रेल प्रेशर, बूस्ट प्रेशर आणि कॅम सेन्सर. आता विचार करा, तीन सेन्सर एकाच दिवशी कसे मरतील? वायरिंग डायग्राम काढला तर तिघांना पाच व्होल्ट एकाच ठिकाणाहून. हार्नेस हलवला की पाचाचे एक-सव्वा व्होल्ट. इंजिनच्या एका ब्रॅकेटवर हार्नेस घासून वायरचं कव्हर गेलं होतं आणि तांबं बॉडीला लागत होतं. सोल्डर, स्लीव्ह, नवी क्लिप, हार्नेस ब्रॅकेटपासून लांब. विषय संपला.

यात एक गंमत आहे. त्या गाडीला नवा ईसीएम बसवला असता तर कदाचित चार दिवस ती चाललीही असती. कारण ईसीएम बदलताना हार्नेस ओढला-हलवला जातो आणि घासलेली वायर तात्पुरती बाजूला होते. मेकॅनिकला वाटलं असतं, बघा, ईसीएमच होता. पाचव्या दिवशी गाडी घाटात उभी राहिली असती. असे खोटे विजय आपल्या धंद्यात खूप होतात, आणि त्यातून चुकीची सवय पक्की होते.

दुसरी गाडी याच्या उलट. मालकाने मागच्या हौद्याला वेल्डिंग करून घेतलं, बॅटरी न काढता. त्यानंतर सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही. पॉवर पास, अर्थ पास, कॅन साठ ओहम. मीटर क्लस्टर स्कॅनरशी बोलतोय, ईसीएम बोलत नाही. पाच व्होल्टची वायर वेगळी करूनही पिनवर काहीच नाही. इथे ईसीएम गेलाय हे मी मालकाला कागदावर दाखवलं आणि मगच पार्ट मागवला. पैसे जास्त गेले, पण वाद झाला नाही, कारण प्रत्येक रीडिंग त्याच्या समोर घेतलेलं होतं.

म्हणजे ईसीएम कधीच खराब होत नाही असं माझं म्हणणं नाही. वेल्डिंग, उलटी जंप केबल, प्रेशरने मारलेलं पाणी, शॉर्ट झालेली कॉइल, यांनी तो जातो. म्हणणं एवढंच, की त्याचा नंबर शेवटी लागला पाहिजे.

ईसीएम बदलायचाच असेल तर

आधी तो का गेला ते शोधा. एखाद्या रिलेची किंवा व्हॉल्व्हची कॉइल शॉर्ट असेल आणि तिने ईसीएममधला ड्रायव्हर जाळला असेल, तर तीच कॉइल नवा ईसीएमही जाळेल. सगळ्या कॉइलचे रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडून बघा. अल्टरनेटर जास्त चार्ज करत नाही ना, ते बघा.

जुना ईसीएम बोलत असेल तर काढण्याआधी त्यातली माहिती उतरवून घ्या: चेसिस नंबर, सॉफ्टवेअर नंबर, इंजेक्टरचे कोड, आणि बीएस सिक्स असेल तर डीपीएफची नोंद. कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये लिहावा लागतो. तो न लिहिता गाडी दिली तर ती खडखडते, धूर देते, आणि मालक म्हणतो, नवा पार्ट टाकून गाडी आणखी बिघडली. त्याचं बरोबर असतं.

इमोबिलायझर असेल तर चावीची जुळणी लागते. त्यासाठी लागणारा कोड मालकाच्या कागदपत्रांवर डीलरकडून आधी मिळवा. गाडी खोलून ठेवल्यावर धावपळ नको.

सॉफ्टवेअर टाकताना व्होल्टेज हललं तर नवा कोरा ईसीएम जागच्या जागी मरू शकतो. स्थिर पॉवर सप्लाय लावा, लाइट-ब्लोअर बंद, लॅपटॉप चार्जिंगला. लोडशेडिंगचा भाग असेल तर बॅकअपशिवाय हे काम सुरूच करू नका.

भंगार बाजारातला जुना ईसीएम? मी सरसकट नाही म्हणत नाही. पार्ट नंबर तंतोतंत जुळत असेल, विकणारा बिल देत असेल आणि चावी व चेसिस नंबर लिहून देणारा माहीतगार असेल, तर तो पर्याय आहे. तसंच बोर्ड रिपेअरचाही आहे, सोल्डरचा तडा किंवा जळका ड्रायव्हर दुरुस्त होतो. पण गिऱ्हाइकाला नवा, जुना आणि रिपेअर हे तिन्ही पर्याय गॅरंटीसकट लिहून द्या आणि निवड त्याला करू द्या. सोबत "डीपीएफ-ईजीआर बंद करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. ते कायद्यात बसत नाही आणि पुढचा त्रास मालकाला होतो.

आता पैशाचं बोलू

बीबीएला कॉस्टिंग शिकलो तेव्हा ते फक्त कारखान्यासाठी असतं असं वाटायचं. गॅरेजला ते जास्त लागतं.

समजा तुमच्या दुकानाचा महिन्याचा खर्च, म्हणजे भाडं, पगार, वीज, स्कॅनरची वर्गणी आणि हप्ते मिळून, ७८,००० रुपये आहे. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं. दिवसात खऱ्या अर्थाने विकता येतील असे ६ तास. झाले १५६ तास. म्हणजे तुमचा एक तास ५०० रुपयांना पडतो, त्यात तुमचा नफा एक रुपया नाही. दीड तासाची तपासणी म्हणजे ७५० रुपये खिशातून गेले. हे तुम्ही फुकट देता.

आता समजा ईसीएम ३०,००० चा आहे आणि त्यात तुम्हाला २० टक्के सुटतात. म्हणजे ६,००० रुपये. आणि खरा दोष आहे अर्थच्या बोल्टचा, ज्याचे तुम्ही ३०० रुपये घेता. एका बाजूला ६,००० मिळणार, दुसऱ्या बाजूला ४५० चा खड्डा. माणूस कितीही सरळ असला तरी मन कुठे झुकेल? मी कोणाला चोर म्हणत नाही. मी म्हणतो, आपण हिशोबच असा मांडलाय की प्रामाणिक माणसाला दंड बसतो.

तपासणीचे १,२०० घेतले तर चित्र बदलतं. अर्थ सापडला तरी तुमचे पैसे निघाले, ईसीएम निघाला तरी निघाले. खरं शोधण्यात तुमचा फायदा आहे, म्हणून तुम्ही खरं शोधता. गिऱ्हाईक एकूण १,५०० देऊन ३०,००० वाचवतं.

"गिऱ्हाईक देत नाही हो!"

ही ओळ प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येते. माझा अनुभव सांगतो. देत नाही, कारण आपण मागतो चुकीच्या वेळी. गाडी झाल्यावर बिलात ५०० वाढवले तर तो भांडणारच. आधी सांगा. शब्द असे ठेवा: "दादा, कॉम्प्युटर मोठ्या किमतीचा आहे. तो गेलाय की वायरिंगचा दोष आहे, हे मी मोजून सांगणार. त्याचे एवढे. रीडिंग तुम्हाला लिहून देईन. पटलं नाही तर कागद घेऊन दुसरीकडे दाखवा." शेवटचं वाक्य नक्की बोला. विश्वास त्या वाक्यावर बसतो.

काही जातील. शेजारचा फुकट करतो म्हणून तिकडे जातील. जाऊ द्या. फुकट तपासणी घेऊन पार्ट ऑनलाइन मागवणारे तुमचे गिऱ्हाईक कधी नव्हतेच.

दुसरा प्रश्न: काम आमच्याकडे केलं तर तपासणी माफ करावी का? माझं मत, नाही. माफ केली की ती पुन्हा फुकट झाली आणि तुम्ही पुन्हा पार्टच्या मार्जिनवर आलात. पाच-दहा गाड्यांचा कायमचा पार्टीवाला असेल तर महिन्याचा दर ठरवा, पण शून्य करू नका.

तिसरा प्रश्न: काहीच सापडलं नाही तर? तरी घ्या, पण "नो फॉल्ट" म्हणून गाडी सोडू नका. काय काय तपासलं आणि काय पास झालं ते लिहा. पुढचा माणूस तिथून सुरू करेल.

आणि हो, फी घेतली की जबाबदारीही आली. तुम्ही लिहून दिलं की ईसीएम खराब आहे, आणि नवा बसवूनही तोच दोष राहिला, तर तो खर्च तुमचा. हे मान्य नसेल तर फी घेऊ नका. माझ्या मते याच अटीमुळे आपण मीटर नीट लावायला शिकतो.

पिकअपवाल्या भावांनो, तुमच्यासाठी

कोणी ईसीएम बदलायचा म्हटलं तर चार गोष्टी विचारा. पॉवर आणि अर्थ बल्ब लावून तपासले का? पाच व्होल्टची सप्लाय किती आली? ईसीएम कशामुळे गेला? बदलल्यावर इंजेक्टर कोड आणि चावी कोण लिहिणार? उत्तरं कागदावर मागा. "आमचा अनुभव आहे" हे उत्तर नाही.

गाडी कधी बंद पडते ते नीट सांगा: गरम झाल्यावर, खड्ड्यात, पावसात, की धुतल्यावर. कालपरवा हॉर्न, टेप, फॉग लाइट बसवलाय का, वेल्डिंग झालंय का, हे लपवू नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायला सांगा, आणि काय काय सोडवायचं ते मॅन्युअलप्रमाणे होऊ द्या. वॉशिंग सेंटरला सांगा, बॉनेटमध्ये प्रेशर मारायचं नाही.

बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. आणि गाडी धंद्याची असली तरी, जो माणूस स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून ती चालवतो, त्याला हा कायदा ग्राहकच मानतो. पण तिथे जायला हातात कागद लागतो.

आणि तपासणीचे हजार-बाराशे मागितले तर लगेच पाठ फिरवू नका. आधी विचारा, त्यात काय काय मोजणार आणि लिहून देणार का. दोन्हींचं उत्तर नीट मिळालं, तर ते पैसे द्या.

या आठवड्याचं काम

गॅरेजवाल्यांनो, तीन गोष्टी करा. तुमच्या तासाचा खर्च वर दाखवला तसा काढा, स्वतःचे आकडे घालून. तपासणीचा दर मोठ्या अक्षरात बोर्डवर लिहा. आणि जॉब कार्डवर सहा ओळी छापून घ्या: बॅटरी, पॉवर-अर्थ ड्रॉप, पाच व्होल्ट, कॅन, हलवणे-गरम करणे, आतले कोड. प्रत्येकापुढे रीडिंगची जागा. या सहा जागा भरल्याशिवाय तुमच्या दुकानातून ईसीएमचं कोटेशन बाहेर जाणार नाही, असा नियम पोरांना सांगा आणि स्वतःही पाळा.

पहिल्या महिन्यात दोन-चार गिऱ्हाइकं कमी होतील, ते धरून चाला. तिसऱ्या महिन्यात जॉब कार्डांची चळत काढा आणि मोजा, किती गाड्यांना "ईसीएम" सांगितलेलं होतं आणि प्रत्यक्षात किती ईसीएम निघाले. तो आकडा मला कळवा. पुढच्या बॅचला मी तो फळ्यावर लिहीन.